साफ केलेले बारा ठिपके

त्या वर्षी दिवाळीला मी तलासरीला घरी गेले नाही. रजा मिळाली नाही, असं अण्णांना फोनवर सांगितलं. रजा मिळाली होती. पण ती कशासाठी वापरणार आहे हे सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागली असती, आणि वडिलांसमोर ती कबूल करण्याची माझ्यात हिंमत नव्हती. संपादकांनी आता ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलंय. तिथूनच सुरुवात करते.

माझं काम नकाशे रंगवण्याचं. सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या एमआरटी म्हणजे मेट्रो स्टेशनाजवळ, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमचं लहानसं ऑफिस होतं. सहा माणसं आणि खोलीच्या अर्ध्या भिंतीएवढा एक प्रिंटर. उपग्रहानं काढलेले फोटो विकत घ्यायचे आणि त्यांतून गिऱ्हाइकाला हवा तो नकाशा करून द्यायचा. दोन हजार साल उजाडलं तेव्हा हा धंदा नवा होता आणि गिऱ्हाइकं भाबडी होती. बेटाच्या पश्चिम टोकाच्या तुआसचा एक कारखानदार तावातावानं आला होता. “तुम्ही माझी फॅक्टरी समुद्रात दाखवलीय!” मी म्हटलं, “साहेब, फोटो काढला तेव्हा तिथे समुद्रच होता. जमीन नंतर भरली.” तो दोन मिनिटं खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि म्हणाला, “मग जरा उशिरा काढायचा ना फोटो.”

वरून काढलेला फोटो म्हणजे लाखो ठिपके. एकेक ठिपका म्हणजे जमिनीवरची तीस पावलं लांब, तीस पावलं रुंद जागा. सारख्या रंगाचे ठिपके कॉम्प्युटर एका गटात टाकतो. गट एक, गट दोन, गट सात. पण गट सात म्हणजे शेत की जंगल की माळ, हे त्याला कळत नाही. नाव माणसानं द्यायचं. शेवटी साफसफाई. एका मोठ्या पट्ट्यात मध्येच दोन-चार वेगळे ठिपके उरतात. कधी ढगाची सावली असते, कधी यंत्राची चूक. तांदळातले खडे निवडावेत तसे ते काढायचे आणि आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकायचे. या कामात ऑफिसात माझ्याएवढा सफाईदार हात कोणाचाच नव्हता. माझे नकाशे दिसायला सुंदर असत. याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून ठेवते.

आणि मी कोण, तर पत्रकांवर वाढलेली मुलगी. अण्णा शाळामास्तर. घराच्या ओसरीवर त्यांनी पायानं चालवायचं छपाईयंत्र बसवलं होतं. त्यावर वारली पाड्यांच्या जमिनींसाठी पत्रकं निघायची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. अक्षरओळख झाली ती ‘जमीन आमच्या हक्काची’ या मथळ्यावर. वरकस जमीन म्हणजे काय, हे मला आठव्या वर्षी पाठ होतं. डोंगरउतारावर दोन-तीन वर्षं नागली-वरई घ्यायची, मग जमीन झोपू द्यायची. झुडपं वाढतात, माती परत जिवंत होते, मग माणूस परत येतो. झोपलेल्या जमिनीला सरकारी कागद पडीक म्हणतो, आणि एकदा पडीक म्हटलं की ती कोणालाही देता येते. यावर मी कॉलेजात टेबल बडवून भाषणं केली होती.

आता चूक.

शनिवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस असे. अशाच एका शनिवारी तिशीचा एक माणूस आला. नाव लातिंग. तुआसच्या शिपयार्डात वेल्डर. हातांवर ठिणग्यांच्या डागांची रांगोळी. मूळचा बोर्निओ बेटावरच्या सारावाकचा, तिथल्या इबान जमातीचा. बगलेत गुंडाळी होती. ती त्यानं टेबलावर उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर आमचेच पेपरवेट ठेवले.

माझाच नकाशा होता. एका मळेवाल्या कंपनीसाठी सहा महिन्यांपूर्वी केलेला. ताडाच्या तेलाचा मळा कुठे लावता येईल ते दाखवणारा.

“इथे खाली व्ही. डी. लिहिलंय,” तो म्हणाला. “हे कोण?”

“मीच. वैशाली दांडेकर.”

“तुम्ही आमच्या गावाला आला होतात?”

“नाही.”

“मग हा पिवळा रंग कशाचा?”

पिवळा म्हणजे गट सात. त्याचं नाव कंपनीच्या यादीत तयार होतं: ‘वापरात नसलेली जमीन’. मी ते जसंच्या तसं टाकलं होतं.

“आमच्या गावात सभा घेतली,” लातिंग सांगत होता. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा, पण थांबत नव्हता. “कंपनीच्या माणसानं हा भिंतीवर लावला. म्हणाला, बघा, आकाशातून दिसतंय, तुमची जमीन रिकामी आहे. माझ्या आईनं विचारलं, आकाशातून बघणाऱ्याला उभं भात दिसतं, झोपलेलं भात दिसत नाही का? सगळे हसले. पण कोर्टात हसून चालणार नाही ना? चार आठवड्यांनी तारीख आहे.”

झोपलेलं भात. बोर्निओतली एक बाई वारली पाड्यावरचं वाक्य बोलली होती आणि मी ते पिवळ्या रंगानं पुसलं होतं. मी घाईघाईनं म्हटलं, “तुम्ही काळजी करू नका. मी याच्यावर लिहिते. सगळ्यांना कळू दे.”

लातिंग शांतपणे म्हणाला, “लिहून झालंच आहे की. हे काय, तुम्हीच लिहिलंय.”

तेवढ्यात आमचे मालक मिस्टर लिम आतून आले. साठीचा माणूस, शर्टाच्या खिशात कायम भिंग. तरुणपणी बंदरात समुद्राचे नकाशे दुरुस्त करायचे.

“हे कोणाचं गिऱ्हाईक?”

“गिऱ्हाईक नाही, मिस्टर लिम. तक्रार आहे.”

“तक्रार तर आणखी महाग, ला.” वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावायची ही सिंगापुरी सवय. ते नकाशावर वाकले. लातिंगनं बोट ठेवून दाखवलं: इथे, इथे आणि इथे, पिवळ्या पट्ट्याच्या आत, त्यांच्या जुन्या वस्त्या होत्या. इबान लोक लाँगहाउसात राहतात. खांबांवर उभी केलेली एकमजली चाळच ती. वीस-तीस दारं, पुढे एकच लांब ओसरी. पूर्वी दर काही वर्षांनी लाँगहाउस जागा बदलायचं. सोडलेल्या जागी फळझाडं राहायची, बहुतेक दुरियन, फणसासारख्या काटेरी फळांची. अशा जुन्या वस्तीच्या राईला ते तेंबावाय म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांनी झाडं लावली, ती राई त्यांची. कागद नसला तरी झाड असतं.

“राई असेल तर गडद हिरवा ठिपका दिसला पाहिजे,” मिस्टर लिम म्हणाले आणि भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. “नाही. एकही नाही. वाशाली, साफ करताना चाळणी केवढी लावलीस?”

माझं नाव ते असंच उच्चारायचे. “पंचवीस ठिपक्यांच्या आतलं सगळं काढून टाकलं.”

“पंचवीस? कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. नकाशा चांगला दिसत होता.”

“चांगला दिसायला ब्यूटी पार्लर आहे, ला.”

खडे म्हणून मी काय निवडून फेकलं होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. ‘वापरात नाही’ हे नाव निदान कंपनीनं पुरवलं होतं. गावाच्या खुणा मात्र मी माझ्या मनानं, माझ्या सफाईसाठी पुसल्या होत्या. कंपनीनं तसं सांगितलंसुद्धा नव्हतं.

सोमवारी मी चार पानांचं निवेदन लिहून मिस्टर लिमच्या टेबलावर ठेवलं. त्यात लूट होती, साम्राज्य होतं, भांडवल होतं, आणि माझ्या मते ते जबरदस्त होतं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं.

“छान. आता सांग, नकाशात नेमकं काय चुकलंय?”

“ते तिसऱ्या पानावर आहे.”

“कोर्ट तिसऱ्या पानापर्यंत येत नाही.” त्यांनी कागद बाजूला ठेवले. “समुद्राच्या नकाशात एक खडक राहिला तर जहाज फुटतं. तेव्हा आम्ही निबंध लिहीत नव्हतो. एक पान काढायचो: अमक्या नकाशात अमक्या जागी खडक आहे, तो दाखवावा. आणि ज्याच्या ज्याच्याकडे तो नकाशा गेलाय त्याला ते पाठवायचो. चूक ज्याची, पान त्याचं.”

म्हणजे शुद्धिपत्र. अण्णांच्या छापखान्यात पंचवीस वर्षांत ते कधी निघालं नव्हतं. अण्णांचं म्हणणं, चळवळीनं शुद्धिपत्र काढलं की समोरचा त्यावरच नाचतो.

“पण मळेवाली कंपनी आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे, ला. आठवण कशाला करतेस?” त्यांनी उठून कपाटातून वही काढली. ऑफिसातून बाहेर गेलेल्या प्रत्येक नकाशाची प्रत कोणाकोणाकडे आहे, हे ते हातानं लिहून ठेवत. माझ्या नकाशाच्या सात प्रती होत्या. एक तिथल्या जमीन खात्याकडे, एक कंपनीच्या वकिलाकडे. “सातही जणांना पाठवायचं. पण दोन अटी. साफ करण्याआधीची मूळ फाइल मिळाली पाहिजे. आणि कोणीतरी पायांनी जाऊन बघून आलं पाहिजे. खुर्चीतली चूक खुर्चीतून दुरुस्त करायची नाही.”

मूळ फाइल सीडीवर होती. बिस्किटांच्या डब्यातली ती सीडी काढली तर तिच्यावर दमटपणानं जाळं धरलेलं. कॉम्प्युटर नुसता घरघरला. मी तीनदा घालून बघितली, पुसून बघितली आणि मग डोकं टेबलावर टेकवून बसले. मिस्टर लिम म्हणाले, “रडू नकोस. दुसरी प्रत माझ्या घरी आहे.” कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून इथे घरोघरी हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट असतं. त्यात, कॅमेऱ्यांच्या शेजारी, आमच्या ऑफिसचा सगळा इतिहास ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. पिवळ्या पट्ट्यात गडद हिरव्या ठिपक्यांचे पुंजके. मोजले. बारा.

आणि मग मी दिवाळीची रजा घेतली.

विमान, बस आणि शेवटी लांबट होडीतून तासभर नदी. लातिंगही रजा काढून आला होता. त्याच्या आईला सगळे इंदाइ लातिंग म्हणत, म्हणजे लातिंगची आई. तिथे बाईला पोराच्या नावानंच हाक मारतात. बुटकी, काटक, पायांत प्लास्टिकचे बूट आणि कमरेला कोयता. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लातिंगला काहीतरी विचारलं.

“काय म्हणाली?”

लातिंग ओशाळला. “विचारते, हीच का ती आकाशातली?”

गावाचे वकील आधीच तिथे येऊन बसले होते. त्यांनी मला पहिल्यांदा कायदा सांगितला. गावाचा नवा नकाशा काढायला परवाना असलेला सर्व्हेअर लागतो. मी पेन्सिल लावली तरी गुन्हा. “पण स्वतःच्या नकाशातली स्वतःची चूक दुरुस्त करायला कोणाचा परवाना लागत नाही,” ते म्हणाले. मला मिस्टर लिमचं एक पान आठवलं आणि माझी चार पानं बाजूला पडली हे बरंच झालं असं वाटलं.

पाच दिवस आम्ही चाललो. हातात जागा दाखवणारं यंत्र आणि माझ्या बारा पुंजक्यांचा छापील कागद. पुढे इंदाइ लातिंग. झुडपांतून शिरताना ती मधूनमधून कोयत्यानं बोट दाखवायची: हे माझ्या दिराचं, दोन वर्षं झोपलंय. हे पुढच्या साली उठवायचं. मला जिथे नुसतं रान दिसत होतं, तिथे तिला भाताची पुढच्या दहा वर्षांची पाळी दिसत होती.

आणि राया. प्रत्येक जुन्या दुरियनला नाव. एक ‘उशिरा येणारा’, एक ‘काकाचा दात’. एक तर ‘भांडखोर’, कारण त्याच्या फळांवरून दोन चुलत घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडतायत.

“अजून भांडतात?” मी विचारलं.

“भांडतात म्हणूनच तर माहितीय कोणाचं आहे ते,” इंदाइ लातिंग म्हणाली. वकिलांनी ते लगेच टिपून घेतलं.

सातव्या पुंजक्याच्या जागी तोडलेल्या झाडांचे नुसते बुंधे होते. कंपनीचा रस्ता सहा आठवड्यांपूर्वी तिथून गेला होता, माझा नकाशा हातात घेऊन. इंदाइ लातिंग एका बुंध्यावर बसली, बूट काढून त्यातले खडे झटकले आणि पुन्हा घातले. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या राईचा हिशेब माझ्या खाती आजही मिटलेला नाही.

पाचव्या दिवशी बारावा पुंजका. नदीकाठाजवळच. तिथे पोचलो तर समोर काळा उभा कडा, ओलसर, त्यावर नेचे. झाड एकही नाही. कड्याची सावली कॉम्प्युटरला गडद झाडीसारखी वाटली होती.

“इथे कोणाची वस्ती होती?” मी आशेनं विचारलं.

“कोणाची नाही.”

“अगदी जुनी? आजीच्या आजीच्या वेळची?”

लातिंगनं विचारलं. तिनं मान हलवली.

आता कबूल करते. माझ्या डोक्यात पत्रक सुरू झालं होतं. मी लातिंगला म्हटलं, “मूळ फाइलमध्ये बारा आहेत. बारा राहू देत. त्यांनी एक राई पाडलीय, आपण एक जास्त धरली तर बिघडलं कुठे? कंपनीनं तुमची सबंध जमीन रिकामी ठरवलीय.”

वकील पायांकडे बघू लागले. लातिंगनं आईला सांगितलं. ती आधी हसली, मग हसायची थांबली. माझ्या हातातला कागद घेतला, बाराव्या पुंजक्यावर अंगठा ठेवला आणि बरंच बोलली.

लातिंग म्हणाला, “आई म्हणते, हे आमचं नाही. कड्याला नाव द्यायला आम्ही काही कड्यावर राहिलो नाही. आणि म्हणते, तुम्ही एकदा न बघता लिहिलंत. आता बघूनही खोटं लिहिणार?”

मी कागद परत घेतला. त्यावर लिहिलं: क्रमांक बारा, वस्तीची खूण नाही, कड्याची सावली.

जुरोंगला परतल्यावर शुद्धिपत्र टाइप केलं. आठ ओळी. गट सातचं नाव जागेवर न पाहता दिलं होतं. ती जमीन पाळीनं कसली जाते. साफसफाईत बारा पुंजके पुसले गेले. पैकी अकरा जुन्या वस्तीच्या राया, त्यांतली एक तोडलेली. क्रमांक बारा कड्याची सावली. मूळ फाइल आणि बारा जागांची यादी सोबत. चूक करणाऱ्याची सही. मिस्टर लिमनी एकही विशेषण नाही याची खात्री करून घेतली आणि सातही लिफाफे स्वतः पोस्टात टाकले. पंधरा दिवसांत कंपनीनं आमच्याकडचं सगळं काम काढून घेतलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, “आता तुआसच्या समुद्रातल्या फॅक्टऱ्या करू, ला.”

तारखेनंतर चार दिवस लातिंगचा काही निरोप नाही. जेवण जात नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी मी आणि मिस्टर लिम खाली खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्स घेऊन बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. मागे होडीच्या मोटरचा आवाज.

“वैशाली, ऐका. कंपनीचा वकील म्हणाला, हे शुद्धिपत्र गाववाल्यांनी दबाव आणून लिहून घेतलंय. मग त्यांचा सर्व्हेअर होडीनं तपासायला गेला. कुठे गेला माहितीय?”

“कुठे?”

“सरळ बाराव्यावर! काठाजवळ ना तो. लगेच जाऊन येता येतं. तिथे कडा. आणि तुमच्या पानावर लिहिलेलं, कडा. त्यानं आणखी तीन राया बघितल्या. तिन्ही ठिकाणी पानावर आहे तेच. कोर्टात त्याला विचारलं, तर म्हणाला, पान बरोबर आहे. माणूस सरळ निघाला हो.”

“मग?”

“कंपनीनं तुमचा नकाशा मागे घेतला. निकाल लागेपर्यंत पिवळ्या पट्ट्यात यंत्र न्यायचं नाही, असा हुकूम झाला. यंत्रं नदीपलीकडे परत गेली. आई ओसरीवर बसून बघत होती.”

मी फोन ठेवला आणि मिस्टर लिमना सांगितलं. त्यांनी माझ्या गार झालेल्या नूडल्सचा वाडगा माझ्यासमोर सरकवला. मी सगळ्या संपवल्या. महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागली होती. निकालाला पुढे दोन वर्षं लागली, पण तोही गावाच्याच बाजूनं लागला, आणि मधल्या काळात झोपलेल्या जमिनींपैकी दोन तुकडे उठलेसुद्धा.

लातिंगचा फोन आला त्याच संध्याकाळी मी अण्णांना फोन केला. आधी रजेबद्दल खोटं बोलले ते सांगितलं, मग नकाशा, मग चूक. अण्णा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “पत्रक काढलंस का?”

“पत्रक नाही, अण्णा. शुद्धिपत्र.”

“वाच.”

आठही ओळी वाचल्या. बाराव्या क्रमांकाची ओळ त्यांनी परत वाचायला लावली.

“मी बारा लिहिले असते,” अण्णा म्हणाले.

“मीही बाराच लिहिणार होते.”

“मग?”

“लातिंगच्या आईनं लिहू दिलं नाही.”

अण्णा म्हणाले, “एक प्रत इकडे पाठव. सहीची.”

पुढच्या दिवाळीला घरी गेले तेव्हा ती प्रत ओसरीवर, छपाईयंत्राच्या वर, खिळ्याला टांगलेली होती. बाराव्या क्रमांकाखाली अण्णांनी लाल पेन्सिलीनं रेघ ओढली होती.